मारायच्या आधीचा श्वास

अंजनाताईंनी मला पहिल्यांदा हात लावला, तो माझं मनगट धरायला.

हॉलमध्ये आम्ही सतरा-अठरा बायका सतरंज्यांवर उताण्या पडलो होतो. शेवटचं शवासन चालू होतं. माझी मुक्ता तेव्हा अडीच वर्षांची. तिला भिंतीपाशी बसवून ठेवलं होतं, ती उठून माझ्या डोक्याशी आली आणि तिनं दोन्ही मुठींत माझे केस धरून ओढले. खेळत होती. मी ताडकन उठून बसले, एका हातानं तिला पुढ्यात खेचलं आणि दुसरा हात वर नेला. तो खाली आलाच नाही. मागून कुणीतरी पकडला होता, आणि असा पकडला होता की हाड मोडतंय असं वाटलं.

"सोडा," मी म्हणाले.

"आधी तू श्वास सोड," अंजनाताई कानाशी म्हणाल्या. "मग मी हात सोडते."

बाकीच्या बायका डोळे मिटून पडल्या होत्या. कुणाला पत्ता लागला नाही. मी श्वास सोडला. मनगटावर चार बोटांचे वळ दोन दिवस राहिले.

याला आता नऊ वर्षं झाली. आम्ही तेव्हा इचलकरंजीच्या बाहेर एका सूतगिरणीच्या कॉलनीत राहत होतो. माझा नवरा संग्राम गिरणीत शिफ्ट सुपरवायझर. कॉलनीच्या महिला मंडळानं सकाळी सहाचा योगवर्ग सुरू केला होता आणि शिकवायला या अंजनाताई मगदूम आणल्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, केस बारीक कापलेले. हॉलच्या मागच्या खोलीत एकट्या राहायच्या. कुणाकडे चहालासुद्धा जायच्या नाहीत.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. खोलीत नेलं, मुक्ताच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि दार लोटून घेतलं.

"कुठं कुठं मारतेस?"

"कधीतरी एखादी चापट... आता लहान मूल म्हटल्यावर..."

"किती ते विचारलं नाही. कुठं?"

मी एम.एस्सी. झालेली. सांख्यिकीत विद्यापीठात तिसरी आलेली. आणि त्या बाईपुढं मी शाळेतल्या चोरासारखी उभी होते.

"मांडीवर," मी म्हणाले. "पाठीवर. फ्रॉकच्या आत."

"दिसत नाही तिथं."

"हो."

"म्हणजे डोकं ठिकाणावर असतं. निदान सुरुवातीला." त्या खाली बसल्या. "आणि नंतर?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. संग्रामला नाही, आईला नाही. मागच्या मंगळवारी मुक्ता दुपारी दोन तास रडत होती. मी तिचं तोंड उशीत दाबलं. किती वेळ, ते मला माहीत नाही. मी भानावर आले तेव्हा ती रडत नव्हती. मग तिनं आचका दिला आणि पुन्हा रडायला लागली, आणि मी देवाचं नाव घेत न्हाणीत जाऊन ओकले.

गंमत म्हणजे तिच्या काळजीनं मला झोप लागायची नाही. श्वास चालू आहे ना म्हणून तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची मी. गॅसचं बटण पाच पाच वेळा बघायची. पाण्याची भरलेली बादली घरात ठेवायची नाही, पोर बुडेल म्हणून. जगातल्या सगळ्या धोक्यांवर माझा पहारा होता. त्यातला सगळ्यात मोठा धोका मीच होते.

"ताई, मला भीती वाटते," मी म्हणाले. "एक दिवस ही माझ्या हातून जाणार."

मला वाटलं, त्या म्हणतील, असं बोलू नये गं. आई असं करेल का? सगळ्या तेच म्हणाल्या असत्या. अंजनाताई म्हणाल्या, "उभी राहा. माझ्यावर हात उगार."

"काय?"

"मला मारायला हात उगार. लटका नको. जीव खाऊन."

मी उगारला.

"काय केलंस आधी?"

"काही नाही. हात वर नेला."

"हाताच्या आधी. परत कर."

तिसऱ्या खेपेला मला कळलं. हात उचलायच्या आधी मी श्वास भरून घेत होते. छाती फुगत होती, खांदे वर जात होते, आणि मग हात.

"प्रत्येक माणूस घेतो," त्या म्हणाल्या. "बैलाला चाबूक मारणारा घेतो, बायकोला मारणारा घेतो. मारायला श्वास लागतो. आता सगळा सोड, पोट पाठीला लागू दे. घेऊ नको. रिकामी राहा आणि मार मला."

मी श्वास सोडला आणि रिकामी राहिले. हात वर गेला, पण त्यात काही नव्हतं. ओल्या टॉवेलसारखा लोंबत राहिला.

"तो श्वास ओळखायला शिकायचं. भरायच्या आत. बाकी आसनंबिसनं त्याच्यासाठीच आहेत."

"किती दिवस लागतील?"

"रोज ये."

मी रोज गेले. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी मी मुक्ताला उलथन्यानं मारलं. दुसऱ्या दिवशी ताईंना सांगितलं, तर त्यांनी नुसतं "उद्या ये" म्हटलं आणि माझ्या पाठीचा कणा दोन बोटांनी सरळ केला. मला त्या रागावायला हव्या होत्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मग हळूहळू मला तो ऐकू यायला लागला. दुधाचा पेला सांडला की कुणीतरी जवळच खोल श्वास घ्यायचं. ते मी असायचे. ऐकू आला की मी तो सोडून द्यायची, ओट्याला धरून रिकामी उभी राहायची. डोळ्यांपुढं अंधारी यायची. मग आपोआप बारीकसा श्वास आत यायचा, आणि तोवर दूध पुसायची वेळ झालेली असायची. एवढंच. बाकी चमत्कार काही नाही.

झोप लागायला लागली. पाचाचे तीन, तिनाचे दोन असं गॅसचं बटण कमी झालं. "तू हल्ली गॅस दोनदाच बघतेस," संग्राम एकदा म्हणाला. "तिसऱ्यांदा मला जाऊन बघावंसं वाटतं." मंडळाच्या अध्यक्ष पाटणे काकू, त्यांचे मिस्टर गिरणीत स्पिनिंग मास्टर, त्या तर वर्गात सगळ्यांदेखत सांगायच्या, "माझी कंबर काही वाकत नाही बाई. पण दम वाढलाय. आता ह्यांच्याशी भांडताना मधे थांबावं लागत नाही." बायका पोट धरून हसायच्या. ताईसुद्धा हसायच्या, ओठ मिटून.

मुक्ता तर त्यांच्यामागून हिंडायची. सगळ्यांनी हात वर केले की ती वर करायची, आणि वर्ग संपला की थेट ताईंच्या मांडीवर. ताई तिला हाकलत नसत, पण आपणहून कधी उचलूनही घेत नसत. तेव्हा मला ते त्यांच्या शिस्तीतलं वाटलं होतं.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी बारीक टिंबं करत होते. न मारलेल्या दिवसांची. एक्केचाळीस झाली होती.

जूनमध्ये मंडळानं योगदिनाचा कार्यक्रम ठरवला. गिरणीचे संचालक येणार होते. पाटणे काकूंनी मला गाठलं.

"हेमांगी, तू शिकलेली. अंजनाताईंचा परिचय तूच लिही. शिक्षण काय, गुरू कोण, प्रमाणपत्र कुठलं. चार ओळी. साहेबांसमोर नीट वाचायला हवं, नाहीतर म्हणतील, कुठनं कुणाला धरून आणलंय."

मी ताईंकडे गेले. त्यांनी कोपऱ्यातली पत्र्याची पेटी माझ्यापुढं सरकवली.

"तळाला आहे. तूच बघ. तुला दाखवायला हरकत नाही."

प्रमाणपत्र घडी पडून पिवळं झालेलं. योगशिक्षिका परीक्षा, प्रथम श्रेणी. खाली परीक्षा केंद्राच्या पुढं छापलं होतं, मध्यवर्ती कारागृह, महिला विभाग.

"तिथं शिकवायला जात होता?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"राहायला होते. साडेअकरा वर्षं."

"कशासाठी?"

"विचारशील तेव्हा सांगीन. पण आज नको विचारू. घरी जा, विचार कर, मग ये. तू आली नाहीस तरी मी समजेन."

मी परत जाऊन त्यांनाच विचारायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. मी घरी गेले आणि सांगलीला वकिली करणाऱ्या मामेभावाला फोन लावला. नाव दिलं, गाव दिलं. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"हेमे, ही बाई तुझ्या ओळखीची कशी?"

"का रे दादा?"

"स्वतःची मुलगी मारलीय तिनं. पाच वर्षांची. दुसरं कुणी नाही, तिनंच."

मी फोन ठेवला. मुक्ता जमिनीवर बसून चमचा आपटत होती. तिच्या तोंडाला गूळ लागला होता. सकाळी वर्गात ताईंनी दिलेला.

नंतर पुष्कळदा मी स्वतःला सांगितलं की मी घाबरून गेले होते. घाबरले तर होतेच. पण संध्याकाळी पाटणे काकूंच्या दारात उभी राहून मी सांगत होते तेव्हा मला हलकंही वाटत होतं. एक खरी, शिक्षा झालेली आई सापडली होती. मी ती नव्हते.

"तुमचीही नातवंडं असतात ना तिथं," मी म्हणाले. "म्हणून म्हटलं, सांगावं."

काकूंच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली. "बरं केलंस सांगितलंस," त्या म्हणाल्या. "तू आता यात नको पडू. मी बघते."

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला जाणार नव्हते. सहा वाजता न्हाणीत होते. बाहेर आले तर पुढचं दार उघडं, आणि मुक्ता नाही. संग्राम पहिल्या पाळीला जाताना दार नुसतं ओढून गेला होता. आमची चाळ आणि हॉल यांच्यात फक्त एक पटांगण. मी ओल्या केसांनी धावत सुटले.

हॉलच्या दारात चपलांचा ढीग होता. आत सगळ्या बायका उभ्या होत्या, आणि मधे, रोजच्या जागी, अंजनाताई मांडी घालून बसल्या होत्या. मुक्ता त्यांच्या मांडीवर.

"नाव तरी खरं आहे का?" पाटणे काकू विचारत होत्या.

"नाव खरं आहे."

"पोटची पोर मारलीस?"

"हो."

बायकांना वाटलं होतं ती नाही म्हणेल, रडेल, पाया पडेल. काकूंचा आवाज चिरकला. "कशानं?"

"हातानं."

"आणि आमच्या पोरांना मांडीवर घेऊन बसतेस होय गं? त्याच हातांनी?"

चौगुल्यांची स्मिता पुढं झाली. लग्न होऊन वर्षच झालेली, वर्गात सगळ्यात लाजरी. तिनं ताईंच्या कानाखाली ओढली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मुक्ता किंचाळली आणि तिनं ताईंच्या गळ्याला मिठी मारली.

"पोर सोड! सोड ती पोर, राक्षसिणी!"

दोघीतिघी मुक्ताला ओढायला धावल्या. एकीनं तिचा दंड धरला, दुसरीनं पाय. पोर मधल्यामधे ताणली गेली. ताईंनी तिला त्यांच्या हातांतून हिसकून घेतलं, छातीशी घेतलं आणि गुडघ्यांवर बसून पुढं वाकल्या. कपाळ जमिनीला, पाठ वर. शशांकासन. आम्ही रोज करायचो ते. मुक्ता त्या पोकळीत दिसेनाशी झाली.

आणि मग बायका तुटून पडल्या.

चपला आणल्या दारातून. सतरंज्या गुंडाळायचा दांडका होता, तो कुणीतरी पाठीत घातला. एकवार, दोनवार. स्मितानं बारीक केस मुठीत धरून डोकं जमिनीवर आपटायचा प्रयत्न केला. काकू लाथा घालत होत्या, लुगडं आवरत, धापा टाकत. "आणि आम्ही हिला ताई म्हणत होतो," त्या प्रत्येक लाथेबरोबर म्हणत होत्या, "ताई म्हणत होतो हिला." ताई ओरडत नव्हत्या. त्यामुळं मार वाढत होता.

मी गर्दीत घुसले. मला फक्त मुक्ता हवी होती. वाकलेल्या पाठीवर मी बुक्क्या मारल्या, बरगड्यांत नखं खुपसली. पाठ उघडेना. माझ्या पायाशी कुणाची तरी स्टीलची पाण्याची बाटली पडली होती. भरलेली. मी ती उचलली.

मी श्वास भरून घेतला. तो मला ऐकू आला. एक्केचाळीस दिवस जो ऐकायला शिकले होते तोच श्वास, आणि मी तो सोडला नाही. बाटली त्यांच्या डोक्यात घातली. कातडी फाटली. दुसऱ्यांदा खांद्यावर बसली आणि आत काहीतरी कट्‌कन वाजलं.

रक्त पाहिल्यावर एकेक हात थांबला. गिरणीचा वॉचमन दारात येऊन "अहो, अहो वहिनी" करत होता. ताई हळूहळू उजव्या हातावर रेलून उठल्या. डावा हात लोंबत होता. त्यांनी मुक्ताला पुढं ढकललं. मी तिला उचललं.

"बाराच्या आत कॉलनी सोडायची," काकू म्हणाल्या. "नाहीतर पोलिसांना बोलावते."

घरी आणून मी मुक्ताचे सगळे कपडे काढले. इंच न् इंच तपासली. दंडावर बोटांचे वळ होते, ओढणाऱ्या बायकांचे. बाकी ओरखडासुद्धा नाही. केसांत रक्त होतं, तिचं नव्हे.

"लागलं का गं? कुठं लागलं सांग?"

"ताई फू करत होती," मुक्ता म्हणाली. "फू... फू... माझ्या कानात." आणि मग, "ताईकडे जायचं."

"नाही जायचं."

"ताईकडे जायचं. ताईकडे." तिनं अंग टाकून दिलं, पाय आपटले. तिची टाच माझ्या ओठावर बसली. तोंडात रक्ताची चव आली आणि मी श्वास भरला. त्या सकाळचा दुसरा. हात वर होता, आणि मुक्ता माझ्याकडे बघत होती. रडायची थांबून. डोळे मिटून घेतले तिनं, मार सोसायला. अडीच वर्षांच्या पोरीला मार सोसायची तयारी कशी करायची ते माहीत होतं.

मी हात कसा खाली आणला ते सांगता येणार नाही. पण दुसऱ्यांदा आणता येणार नाही हे मला कळत होतं. त्या दिवशी नाही. मी तिच्या अंगात झबलं अडकवलं, तिला कडेवर घेतलं आणि हे ज्या एकाच बाईला सांगता येण्यासारखं होतं तिच्याकडे निघाले.

खोलीची वाताहत झाली होती. माठ फोडला होता, सगळीकडे पाणी आणि खापऱ्या. पेटी उलटी. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पुढ्यात पितळी तांब्या, त्यातल्या उरल्यासुरल्या पाण्यात फडकं बुडवून उजव्या हातानं डोक्याची जखम पुसत होत्या. मुक्ता माझ्या कडेवरून घसरली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. गुडघ्याला गुडघा लावून.

"आलीस व्हय," ताई म्हणाल्या.

"विचारायला आले."

त्यांनी मान हलवली. "नंदी म्हणायची मी तिला. शाळेत जायची होती. उशीर झाला होता. वेणी घालताना हलत होती." त्या थांबल्या. "रोज मारायची मी. दिसत नाही तिथं. त्या दिवशी एकच मारली. दाराच्या चौकटीवर गेली. हातात कंगवा तसाच होता माझ्या."

बाहेर नळावर कुणाच्या तरी बादलीचा आवाज झाला.

"ताई," मी म्हणाले, "काकूंना मी सांगितलं. मीच."

फडकं जखमेवरच थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांची छाती भरायला लागली. खांदे वर आले. गळ्याच्या शिरा तटतटल्या. फडकं मांडीवर टाकून त्यांनी तांब्या उचलला, बोटं पांढरी पडली. मुक्ता आमच्या दोघींच्या मधे होती, तांब्यापासून वीतभर अंतरावर, आणि मी हलू शकले नाही. तो श्वास काय आहे हे त्या खोलीत मला जितकं माहीत होतं तितकं कुणालाच नसेल.

मग तो बाहेर आला. तोंडावाटे, लांब, शेवटी शिट्टीसारखा बारीक. पोट आत गेलं, बरगड्या दिसायला लागल्या. आणि त्या तशाच रिकाम्या राहिल्या. मी मनात आकडे मोजत होते, सवयच ती. वीस. पंचवीस. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ओठ काळे पडले. एकतीस. तेहतीसला आत एक धागा ओढल्यासारखा श्वास गेला. मग दुसरा. तांब्या त्यांनी जमिनीवर ठेवला, आवाज न करता.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बाटली कुणी घातली तेही कळलं. तुझा श्वास ओळखते मी."

मी त्यांच्यापुढं बसले. "मला माफ करा" हे शब्द तोंडात आले आणि मलाच त्यांची शिसारी आली.

"ताई, हे जातं का? कधीतरी?"

"नाही जात."

"मग एवढं रोज..."

"म्हणूनच रोज. कुणी कंबर दुखते म्हणून करतं, कुणी वजन उतरावं म्हणून. चार दिवस चुकले तर त्यांचं बिघडत नाही काही." त्यांनी फडकं एका मुठीत पिळलं. "मी एक दिवस नाही केलं तर काय होईल ते मला माहीत नाही. एकोणीस वर्षांत तसा दिवस येऊ दिला नाही. आजचं राहिलंय. बसणार, तेवढ्यात सगळ्या आल्या."

डावा हात त्यांना उचलता येत नव्हता. त्यांनी कोपऱ्यातल्या घागरीकडे बघितलं. तेवढीच एक धड राहिली होती, आणि ती रिकामी होती.

"एवढी घागर भरून आणशील? तोंड धुते, बसते. मग साडेअकराची एसटी धरते."

मी घागर उचलली. मुक्ताला जमिनीवर गुळाचा एक खडा सापडला होता, ओला झालेला. ती तो ताईंच्या तोंडाशी नेत होती. त्यांनी तोंड फिरवलं.

"हिला ने बरोबर," ताई म्हणाल्या. पोरीकडे न बघता.

मी दारात उभी राहिले. रक्तानं माखलेली, हात मोडलेली ती बाई आणि तिच्या गुडघ्याला टेकलेली माझी मुलगी. आणि दारात मी.

"बसू दे," मी म्हणाले.

नळ हॉलच्या मागच्या अंगाला होता. तिथून खोलीचं दार दिसत नव्हतं. स्मिता हात धूत होती, साबण लावून, पुन्हा पुन्हा. मला बघून ती बाजूला सरकली.

"पोरगी कुठाय?" तिनं विचारलं.

"आत."

"आत कुठं?"

"ताईंजवळ."

"अगं, वेड लागलंय का तुला?" तिच्या हातातला साबण गटारात पडला. "जा! पळ आधी, घेऊन ये तिला!"

मी घागर नळाखाली ठेवली. पाण्याला जोर नव्हता, करंगळीएवढी धार. स्मिता माझ्याकडे बघत होती, मी पाण्याकडे. अर्धी भरली तेव्हा ती पुन्हा काहीतरी म्हणाली. मी घागर गळ्यापर्यंत भरू दिली, मगच नळ बंद केला.